संमतिपत्राचं तिसरं पान

मंगळवारी सकाळी साडेआठला अण्णांना, माझ्या वडिलांना, शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. दुपारी दोन वाजता डॉक्टर बाहेर आले आणि अण्णा गेल्याचं त्यांनी मला सांगितलं. मी आईला सांगितलं. आई बाकावर बसली होती. ती म्हणाली, "पाणी दे." मी पाणी आणलं. ती प्यायली नाही. पेला हातात धरून बसली.

चौथ्या दिवशी गिरगावातल्या आमच्या घरी, भेटायला आलेली माणसं जिना उतरून गेल्यावर, तिने मला विचारलं, "तो फॉर्म त्यांना वाचून दाखवलास ना रे?"

शस्त्रक्रियेआधी रुग्णाने सही करायचं संमतिपत्र असतं, त्याबद्दल ती विचारत होती.

"स्वतःच वाचला त्यांनी," मी म्हणालो. "पाचही पानं. माझ्यासमोर. एक ओळ सोडली नाही."

"बरं," आई म्हणाली आणि सतरंजीची घडी घालायला लागली.

मी सांगितलं ते खरं होतं. पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे कळायला मला दोन महिने लागले. मी पोटासाठी जे काम करतो ते पाहता इतका वेळ लागायला नको होता.

मी माणसांच्या नजरा नोंदवतो. लोअर परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका इमारतीत आमचं ऑफिस आहे. माझे आजोबा कोकणातून येऊन ज्या गिरणीत कापड विणायच्या साच्यांवर काम करायचे ती ही नव्हे. ती शेजारची, तिथे आता गाड्या उभ्या करतात. कंपन्या मोबाइलवरची ॲप्स आणि वेबसाइट बनवतात आणि लोकांना त्या वापरता येतात का, हे तपासायचं काम आमच्याकडे देतात. आम्ही माणसं बोलावतो. एकेकाला स्क्रीनसमोर बसवतो आणि एखादं काम सांगतो. बिल भरा, तक्रार नोंदवा, तारीख बदलून घ्या. स्क्रीनच्या खालच्या कडेला फूटपट्टीएवढी एक काळी पट्टी बसवलेली असते. तिच्यातून डोळ्यांवर एक प्रकाश पडतो, तो माणसाला दिसत नाही. त्यावरून बुबुळं कुठे वळली आहेत ते पट्टी टिपते. सुरुवातीला स्क्रीनवर पाच ठिपके एकामागून एक येतात आणि माणसाने त्यांच्याकडे बघायचं असतं, म्हणजे यंत्राला त्याचे डोळे समजतात. त्यानंतर नजर जिथे थांबेल तिथे एक वर्तुळ उमटतं. जास्त वेळ थांबली तर मोठं वर्तुळ. सगळ्या माणसांच्या नजरा एकावर एक ठेवल्या की पानाचा रंगीत नकाशा तयार होतो. जिथे पुष्कळ बघितलं गेलं तिथे लाल, मग पिवळा, मग हिरवा. जिथे कोणी बघितलं नाही तिथे काहीच नाही.

या यंत्राचा उपयोग आहे. दादरहून एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. वीजबिलाच्या तक्रारीचं पान होतं. त्या दहा मिनिटं बसल्या, तक्रार काही नोंदवली गेली नाही आणि उठताना म्हणाल्या, "छान केलंय हो तुम्ही. सगळं कसं समोर दिसतं."

"तक्रारीचं बटण दिसलं का तुम्हाला?"

"दिसलं की."

नंतर आम्ही नोंद बघितली. त्यांची नजर त्या बटणाच्या आसपासही गेली नव्हती. बाई खोटं बोलत नव्हत्या. आम्ही त्यांना चहा दिला होता, बिस्किटं दिली होती. आपल्याकडे ज्याच्या घरी चहा घेतला त्याच्या कामाला निघताना नावं ठेवत नाहीत. मी या व्यवसायात आलो तेव्हा मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच होती की यंत्राला असला संकोच नाही. त्या बटणाची जागा बदलली आणि पुढच्या खेपेला जे लोक आले त्यांना ते सापडलं. अशा वेळी महिनाभराच्या कामाचं सार्थक झाल्यासारखं वाटतं.

पण नजर कुठे थांबली एवढंच यंत्र सांगतं. का थांबली ते सांगत नाही. लालबागच्या एका गृहस्थांनी जेवण मागवायच्या पानावर एका थाळीच्या फोटोकडे इतका वेळ बघितलं की तिथे बशीएवढं वर्तुळ उमटलं. मी अहवालात लिहिलं, छायाचित्र लक्ष वेधून घेतं. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी आहे, वरळीची, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तिला गप्प बसवत नाही. तिने त्यांना लिफ्टपाशी गाठून विचारलंच.

ती परत आली तेव्हा हसत होती. "सर, ते ताटाची किनार बघत होते. मिसेसच्या माहेरी सेम तशी ताटं आहेत म्हणे. कुठल्या दुकानातली ते आठवत होते. आता रिपोर्टमध्ये काय लिहू? युजरला सासुरवाडी आवडली?"

मी ते वाक्य काढून टाकलं.

आणखीही उणिवा आहेत. दुहेरी भिंगांचा चष्मा असला की पट्टी गोंधळते. पापण्या उतरलेल्या असल्या तरी गोंधळते. त्यामुळे म्हातारी माणसं पुष्कळदा हिशेबातून गळतात आणि अहवालात तरुणांचे डोळे उरतात. शिवाय माणसाला न बघताही दिसतं. माझी आई हातातल्या कागदांवरून मान वर न करता शेगडीवरचं दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायची. आमच्या यंत्राने तिच्याबद्दल लिहिलं असतं की तिने दुधाकडे एकदाही बघितलं नाही.

आई त्या वेळी वाचत असायची, ती करमणूक म्हणून नव्हे. ते अण्णांचं काम होतं.

अण्णा गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. छापून आलेला मजकूर लेखकाच्या मूळ प्रतीशी ताडून बघायचा आणि चुका दाखवायच्या, असं अडतीस वर्षं केलं. छापखान्यात त्यांना मूळ प्रत वाचून दाखवायला एक माणूस होता. दिवाळी अंकांच्या दिवसांत कामं घरी यायची आणि मग ते काम आई करायची. ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि अण्णा समोरच्या प्रुफावर पुठ्ठ्याची पट्टी ओळीओळीने खाली सरकवत जायचे. वाचताना विरामचिन्हंही म्हणावी लागतात. ती दारात उभी राहिली स्वल्पविराम पण आत आली नाही पूर्णविराम. नवीन परिच्छेद. मी शाळेचा अभ्यास या आवाजात केला. आमच्या शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमच्याकडे काय रोज पारायण असतं की काय? आणि कुठल्या देवाचं?"

आईने अशा किती तरी कादंबऱ्या वाचल्या. अण्णांनी त्या सगळ्या तपासल्या आणि एकही वाचली नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं. काम संपलं, कागद बांधले गेले, की जेवताना ते आईला विचारायचे, "त्या बाईचं शेवटी काय झालं गं? गेली का ती नवऱ्याकडे?"

"अहो, तुमच्याच डोळ्यांखालून गेलं ना सगळं?"

"डोळ्यांखालून गेलं. कानावर पडलं तेवढं मध्ये मध्ये कळलं. नीट सांग."

मग आई त्यांना गोष्ट सांगायची.

अण्णा निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मी त्यांना एकदा आमच्या ऑफिसात नेलं. निवृत्तांनी घरबसल्या हयातीचा दाखला द्यावा यासाठीचं एक ॲप आम्ही तपासत होतो आणि यायचे ते एक गृहस्थ ऐन वेळी आले नाहीत. मी घरी फोन केला. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसने आले.

"मला पेन्शन नाही," त्यांनी आल्या आल्या त्या मुलीला सांगितलं. "चालेल का?"

"चालेल काका. आहे असं समजायचं."

"समजतो. किती समजू?"

त्यांच्या चष्म्यामुळे ठिपक्यांचं तीन वेळा करावं लागलं. मग अटींचं एक पान त्यांच्यासमोर आणलं. पान वाचायचं आणि पुढे काय करायचं ते सांगायचं, असं काम होतं. बहुतेक लोक अशा पानाच्या पहिल्या दोन ओळींवर नजर टाकतात आणि खालचं बटण शोधतात. अण्णा साडेसहा मिनिटं बघत होते. मी काचेपलीकडच्या खोलीत होतो. स्क्रीनवर त्यांच्या नजरेची वर्तुळं एकसारख्या आकाराची, एकसारख्या अंतरावर, डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ उमटत होती. कोणी मणी ओवावेत तशी.

"झालं वाचून, काका?"

"झालं."

"मग आता तुम्हाला काय करायचंय?"

अण्णांनी जरा विचार केला. "ते मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "पण तिसऱ्या परिच्छेदाचा टाइप बाकीच्यापेक्षा किंचित लहान आहे. आणि खालून दुसऱ्या ओळीत पूर्णविराम राहिलाय. तेवढं त्यांना कळवा."

ती मुलगी माझ्याकडे आली. "सर, काकांनी अख्खं पान लाल करून टाकलंय. असा डेटा मी आजपर्यंत बघितला नाही. आणि कळलंय शून्य! वापरायचा का?"

मी नाही म्हणालो. त्यांची एकट्याची नोंद घातली असती तर पूर्ण नकाशा बिघडला असता. अहवालात तळटीप मीच लिहिली, एक सहभागी वगळला.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "माझं काय झालं? पास की नापास?"

"तुम्हाला गाळलं."

"का रे?"

"तुम्ही फार नीट बघता."

त्यांना बरं वाटलं असावं. "अरे, मी वाचत नाहीच," ते म्हणाले. "वाचायला लागलो की चुका निसटतात. मजकुराच्या मागे गेलं की अक्षर दिसत नाही. आम्हाला पहिल्या वर्षी तेच शिकवलं होतं, गोष्टीत शिरायचं नाही."

हे त्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं. मीही चहा पीत होतो. मी ते ऐकलं आणि ऑफिसात त्या मुलीला सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

अण्णांच्या हृदयाची एक झडप आकसली होती. जिना चढताना मधल्या वळणावर ते थांबायचे आणि कठड्याला हात लावून खालच्या चौकाकडे बघत असल्यासारखं करायचे. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की झडप बदलता येईल, पण वय चौऱ्याहत्तर आहे, मूत्रपिंडं कमकुवत आहेत, टेबलावरच काही होण्याचा धोका आहे. गोळ्यांवरही ठेवता येईल. मग किती दिवस ते कोणी सांगू शकणार नाही. "तुम्ही त्यांच्याशी बोला," ते म्हणाले. "निर्णय त्यांचा आहे." मग ते आत आले, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, घाबरायचं नाही हं," आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी अण्णांशी बोललो नाही. म्हणजे बोललो. झडप बदलतात, हल्ली पुष्कळांची बदलतात, असं म्हणालो. टेबलावर काही होऊ शकतं आणि न करण्याचाही एक रस्ता आहे, हे मला माझ्या तोंडाने सांगवेना. मी स्वतःला सांगितलं की संमतिपत्र येणार आहे आणि त्यात ते सगळं लिहिलेलं असतं.

सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला नर्सने ते आणून दिलं. पाच पानं, मराठीत, झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली. अण्णांनी चष्मा मागितला. मग आजूबाजूला बघितलं आणि औषधांच्या चिठ्ठीची उभी घडी करून ती पहिल्या ओळीखाली धरली. घडी एका चालीने खाली सरकायला लागली. मी खुर्चीवर बसून बघत होतो. माणूस मजकूर बघत असताना त्याच्याकडे बघत बसायची मला सवय आहे. त्याचेच मला पैसे मिळतात.

दुसऱ्या पानावर ते म्हणाले, "पेन दे." सात हा कलमाचा आकडा दोनदा आला होता. त्यांनी दुसऱ्या सातावर खूण केली आणि समासात आठ लिहिलं. पुढे नऊपासून आकडे बरोबर होते. तिसऱ्या पानावर मध्याच्या जरा वर घडी थांबली. मग ती एक ओळ वर गेली, पुन्हा खाली आली आणि पुन्हा थांबली. माझ्या डोक्यात आपोआप नोंद झाली, मागे गेले. मला वाटलं आणखी एक चूक सापडली. पेन त्यांच्या हातात होतं. मी पेन हलायची वाट बघितली. तेवढ्यात नर्स आली आणि म्हणाली, "आजोबा, सही करायचीय फक्त! पेपर तपासायचा नाहीये."

"करतोय सही," अण्णा म्हणाले. "पण उद्या दुसऱ्या कोणापुढे हाच कागद येणार. त्याला बरा दिसू दे."

"बरं बरं. मार्क किती दिले आम्हाला?"

"अजून दोन पानं राहिली आहेत."

नर्स हसत गेली. घडी पुढे सरकली. चौथ्या पानावर एक ओळ दोनदा छापली गेली होती. त्यातली एक त्यांनी खोडली. पाचव्या पानावर त्यांनी सही केली, त्यांची नेहमीची, शेवटच्या अक्षराखाली आडवी रेघ असलेली.

"झालं वाचून?" मी विचारलं.

"झालं," ते म्हणाले.

मी कागद घेतला आणि नर्सच्या टेबलावर नेऊन ठेवला. पाच वाजता आई आली. अण्णांनी तिला कुकरची शिट्टी दुरुस्त झाली का ते विचारलं.

मी चौदाव्या दिवशी कामावर गेलो. नेहमीसारखं काम केलं. दोन महिन्यांनी एका बँकेच्या पानाची तपासणी होती आणि शीवहून एक निवृत्त कारकून आले होते. त्यांनी अटींचं पूर्ण पान बघितलं. नजर नीट, सलग, एकही ओळ वगळलेली नाही. मी काचेपलीकडे बसून वहीत लिहिलं, पूर्ण वाचलं. आमच्याकडे शेवटी आणखी एक पायरी असते. माणसाला त्याच्याच नजरेची नोंद परत दाखवायची आणि जिथे वर्तुळ मोठं आहे तिथे थांबवून विचारायचं. वेळ लागतो म्हणून पुष्कळदा ती गाळली जाते. त्या दिवशी त्या मुलीने गाळली नाही.

"काका, इथे बघा, इथे तुम्ही बराच वेळ थांबलाय. काय चाललं होतं डोक्यात?"

गृहस्थांनी स्क्रीनकडे निरखून बघितलं. "इथे? खरं सांगू का, मी आठवत होतो की घरून निघताना गच्चीचं दार लावलं की नाही."

"आणि या खालच्या ओळी?"

"त्याही तेव्हाच गेल्या असतील. डोळे चालू होते माझे."

ती आत आली, तिने माझ्या वहीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "बघितलंत? म्हणून विचारायला लागतं ना सर. नाहीतर आपण लिहून मोकळे, पूर्ण वाचलं."

तिला दुसरं काही म्हणायचं नव्हतं. मी वहीतले ते दोन शब्द खोडले. मग मला आईचा प्रश्न आठवला. फॉर्म त्यांना दिलास का, असं तिने विचारलं नव्हतं. वाचून दाखवलास का, असं विचारलं होतं. कागद समोर धरला की अण्णा काय करतात आणि त्यांना कळायचं असेल तर ते कोणत्या वाटेने कळतं, हे तिला चाळीस वर्षं माहीत होतं. मलाही माहीत होतं. माझ्याकडे तर त्याची नोंदही होती.

त्या सोमवारी माझ्याकडे चार वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ होता. मी विचारू शकलो असतो की तिसऱ्या पानावर कशाला थांबलात. अनोळखी माणसांना आम्ही हे विचारतो. मी त्यांना झालं का वाचून, एवढंच विचारलं. गोळ्यांवर राहायचं की टेबलावर जायचं, हे ठरवायचा हक्क अण्णांचा होता. त्यांना मजकूर कळला नसेल, तर ते त्यांनी ठरवलं नाही. मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला अण्णांची दोन वर्षांपूर्वीची नोंद आहे का ते बघायला सांगितलं. एरवीच्या पानावर ते एका ओळीपाशी किती थांबायचे ते मला बघायचं होतं, म्हणजे निदान तुलना करता आली असती. तिने शोधलं. "सर, नाहीये," ती म्हणाली. "वगळलेल्यांचा डेटा आधी डिलीट होतो." मग खुर्ची माझ्याकडे वळवून, "सॉरी सर. काकांचं ठेवायला पाहिजे होतं मी."

तिचा काही दोष नव्हता. नियम मीच केला होता.

इस्पितळाने फाईलची झेरॉक्स दिली होती, ती कपाटात तशीच पडली होती. रविवारी दुपारी मी ती काढली. दुसऱ्या पानावरचा बदललेला आठ दिसला, चौथ्या पानावरची खोडलेली ओळ दिसली. तिसऱ्या पानावर मध्याच्या जरा वर हे वाक्य होतं: माझे वय व प्रकृती पाहता या शस्त्रक्रियेत मृत्यूचा संभव आहे, तसेच शस्त्रक्रिया न करण्याचा पर्यायही उपलब्ध आहे, हे मला समजावून सांगण्यात आले असून मला समजले आहे. त्या वाक्यात चूक नाही. मी तीनदा बघितलं. आकडा बरोबर, टाइप बरोबर, शेवटी पूर्णविराम आहे.

आई आतल्या खोलीतून आली. "काय ते?"

मी तिला सांगितलं. त्यांनी स्वतः वाचलं असं मी म्हणालो होतो, पण त्यांना कळलं की नाही हे मला माहीत नाही, मी विचारलं नाही, आणि डॉक्टर जे म्हणाले ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. हे सगळं मी एका दमात सांगितलं. तिने चष्मा लावला, पानं हातात घेतली आणि खुर्ची खिडकीकडे सरकवली.

"तू दुसरी प्रत धर," ती म्हणाली.

"दुसरी प्रत नाही."

"मग नुसता ऐक."

तिने पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी खाली सही करणार स्वल्पविराम. तिचा आवाज आता जरा बसतो, पण लय तीच होती. सात. सात, मग हे ह्यांनी आठ केलंय. तिसऱ्या पानावर ती त्या वाक्याशी आली आणि तिने ते इतर वाक्यांसारखंच वाचलं. मला समजले आहे पूर्णविराम. मग ती थांबली.

"इथे थांबले होते ते," मी म्हणालो. "एक ओळ मागे गेले आणि परत आले."

"किती वेळ?"

"मोजला नाही."

"तुझं यंत्र तिथे असतं तर?"

"तर वेळ कळला असता."

"आणि?"

"आणि काही नाही. चूक शोधत असतील. नाहीतर नर्स येताना दिसली म्हणून थांबले असतील. किंवा वाचलं असेल."

आईने पान जरा लांब धरून बघितलं. "कळलं नसतं तर मी आले तेव्हा मला विचारलं असतं त्यांनी," ती म्हणाली. "पुस्तकाचं विचारायचेच ना." मग पान मांडीवर ठेवून म्हणाली, "कळलं असतं तर विचारायची गरज नव्हती. आणि त्यांना विचारायचंच नसेल, तर तेही आहे."

"तुला काय वाटतं?"

"मी तिथे नव्हते. तू होतास."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने पान उलटलं आणि उरलेली दोन पानं शेवटपर्यंत वाचली, खोडलेली ओळ वगळून. प्रूफ अर्ध्यावर सोडत नाहीत. सहीपाशी आल्यावर तिने अण्णांचं नाव वाचलं, पानं एकसारखी केली आणि माझ्या हातात दिली. मग दूध बघायला उठली.

आता ऑफिसात आम्ही शेवटची पायरी गाळत नाही. कामाला एक दिवस जास्त लागतो आणि कंपन्या त्यावरून कुरकुर करतात.

संमतिपत्राची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. दुसऱ्या आणि चौथ्या पानावर अण्णांच्या हातच्या दुरुस्त्या आहेत आणि पाचव्यावर सही आहे. तिसऱ्या पानावर खूण नाही.